वीज की खनिज तेल?

जून-जुलै महिना आला की आम्हां शिक्षकांच्या ओट्यावर वर्दळ सुरू होते. निकाल लागलेले असतात, प्रवेशाचे अर्ज निघालेले असतात, आणि आईबाप मुलाला पुढे घालून विचारायला येतात, "सर, ह्याला कुठं घालावा?" गेल्या पावसाळ्यात पंढरपूरकडचे माझ्या ओळखीचे एक शेतकरी असेच आले. मुलगा बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झालेला. हातात दोन कागद. एका कागदावर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली विद्युत शाखेची जागा, तर दुसऱ्यावर मोठ्या शहरातल्या एका खाजगी महाविद्यालयातली पेट्रोलियम शाखेची. समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणाऱ्यांना लठ्ठ पगार मिळतो, असे त्यांच्या कानावर आले होते. पण दुसऱ्या जागेची फी भरायची तर विहिरीलगतची एकरभर जमीन गहाण टाकावी लागणार होती.

"सर, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा," ते म्हणाले.

मी म्हटले, "आबा, मी काही इंजिनिअर नव्हे. मी भूगोलाचा माणूस. कोणता धंदा चांगला, हे मी सांगू शकणार नाही. पण कोणते काम नकाशावर कुठे आहे आणि ते तिथेच का आहे, हे दाखवू शकेन." मग भिंतीवरचा नकाशा खाली काढला आणि आम्ही तिघे त्यावर वाकून बसलो. त्या संध्याकाळी जे बोलणे झाले तेच आज जरा नीट लावून आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम विजेचे पाहू. आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. यामागे तीन कामांची साखळी असते. वीज तयार करणे, ती उंच मनोऱ्यांवरील तारांतून दूर नेणे आणि शेवटी घरोघर, शेतोशेत वाटणे. पूर्वी ही तिन्ही कामे वीज मंडळाकडे होती. २००५ साली मंडळाची विभागणी होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा तीन कंपन्या झाल्या. खेड्यात अजून आपण 'एमएसईबीचा वायरमन' असेच म्हणतो, ती गोष्ट वेगळी.

औष्णिक केंद्रात कोळसा पिठासारखा बारीक दळून भट्टीत जाळतात. त्या उष्णतेने बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते. ही वाफ म्हणजे चहाच्या किटलीची वाफ नव्हे. ती सुमारे ५४० अंश तापमानाची आणि प्रचंड दाबाची असते. ती टर्बाइनच्या पात्यांवर सोडली की टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते, आणि त्याला जोडलेले जनित्र वीज देते. मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे. साऱ्या देशाची वीज याच ५० च्या तालावर चालते. वापर वाढला की ताल मंदावतो, कमी झाला की वाढतो. म्हणून जितकी वीज वापरली जाते तितकीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते. हा ताळमेळ बिघडला म्हणजे काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी दिसले. उत्तर भारत दोन दिवस लागोपाठ अंधारात गेला, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही त्याच्याबरोबर गेला. आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. वीज अभियंत्याचे काम म्हणजे हा ताल रात्रंदिवस सांभाळण्याचे काम आहे. त्याला दिवाळी नाही की गणपती नाही.

आता नकाशा पाहा. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा, पुढे चंद्रपूर. केंद्रे तिथेच का? कारण कोळसा तिथेच आहे. चंद्रपूरच्या एकट्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा. तिथे कोळसा नाही, पण पाऊस आहे आणि पाणी पाडायला उंची आहे. म्हणून खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ सालीच सुरू झाले. पूर्वेकडे वाहणारे कोयनेचे पाणी अडवून, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेऊन पोफळीला खाली सोडले आणि त्यावर वीज काढली. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. समुद्रकाठी तारापूरला १९६९ पासून देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे. आणि जिथे कोळसा नाही, पाणी नाही, नुसते ऊन आहे, त्या धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ सूर्याच्या उन्हावर वीज निघते.

केंद्रे जेथे आहेत तेथेच काम, असेही नाही. गावोगावची उपकेंद्रे, रोहित्रे (ज्याला आपण डीपी म्हणतो), गिरणी, दवाखाना, शीतगृह, सगळीकडे विजेचा जाणकार लागतो. नकाशावर विजेच्या कामाचे ठिपके मारायला घेतले, तर सारा नकाशा ठिपक्यांनी भरून जाईल.

यात साखर कारखाना विसरू नका. उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास बगॅस निघते. ती बॉयलरखाली जाळून कारखाना स्वतःपुरती वीज करतो आणि उरलेली विकतो. त्या बॉयलरवर काम करायला परवानाधारक माणूस लागतो. आधी दुसऱ्या वर्गाचा बॉयलर अटेंडंट, मग पहिल्या वर्गाचा, आणि पदविका किंवा पदवीबरोबर अनुभव असेल तर त्यावर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर, अशा परीक्षांच्या पायऱ्या आहेत. बॉयलरचा कायदा १९२३ चा होता. २०२५ साली त्याच्या जागी नवा आला, तरी जाणत्या माणसाशिवाय बॉयलर पेटवायचा नाही हे तत्त्व कायम आहे. आयटीआय झालेला, भट्टीपुढे घाम गाळणारा मुलगाही या शिडीवर चढू शकतो, हे शिक्षक मंडळींनी ध्यानात ठेवावे.

आता तेलाकडे वळू. पुष्कळांची अशी समजूत असते की जमिनीखाली तेलाचे तळे असते आणि त्यात नळी सोडायची. तसे नसते. भिजलेल्या विटेत पाणी मुरलेले असते, तसे खडकाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेले असते. हा खडक गाळाचा लागतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळी साचलेल्या गाळात सूक्ष्म जीव गाडले गेले, दाबाने आणि उष्णतेने त्यांचे तेल झाले. वर एखादा न झिरपणारा थर झाकणासारखा बसला असेल, तरच ते तिथे टिकते.

आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग मात्र ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या बेसाल्टने झाकलेला आहे. म्हणून आपल्या काळ्या रानात ऊस येतो, कापूस येतो, तेलविहीर येत नाही. तेल सापडले ते समुद्रात. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या विहीर खोदणाऱ्या मंचाने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधून काढले आणि मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. हेच ते 'मुंबई हाय'. तेथील तेल आणि वायू समुद्रतळावरच्या नळांतून उरणकडे येतात. देशात इतरत्र पाहिले तर आसामात दिग्बोई, गुजरातेत अंकलेश्वर, राजस्थानात बाडमेर, आंध्रच्या किनाऱ्याला कृष्णा-गोदावरीचे खोरे. बस्स, आणखी थोडी ठिकाणे. आमच्या नकाशावर तेलाचे ठिपके बोटांवर मोजण्याइतके पडले.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. पेट्रोलियम अभियांत्रिकी म्हणजे पेट्रोल शुद्ध करण्याचे शास्त्र, असे पालकांना वाटते. ही शाखा मुख्यतः तेल शोधणे, विहीर खोदणे आणि तेल वर काढणे एवढ्यापुरती असते. मुंबईला ट्रॉम्बे येथे ज्या शुद्धीकरणाच्या मोठ्या रिफायनऱ्या आहेत, तिथे रसायन, यंत्र, विद्युत आणि उपकरण शाखांची माणसे अधिक लागतात. तेव्हा 'रिफायनरीत लागेल' या आशेने मुलाला पेट्रोलियमला घालू नका. आधी अभ्यासक्रम उघडून वाचा.

तेलाचे काम कसे असते? समुद्रात पोलादी पायांवर उभे असलेले एक छोटे गावच म्हणा. जुहूहून हेलिकॉप्टरने तिथे जायचे. साधारणपणे चौदा दिवस काम, रोज बारा तास, आणि मग चौदा दिवस घरी. जाण्यापूर्वी जीव वाचवण्याचे शिक्षण घ्यावे लागते. हेलिकॉप्टर पाण्यात पडले, उलटले, तर खिडकीतून बाहेर कसे यावे, याचासुद्धा सराव करून घेतात. गोव्यात बेतूल येथे तेल व्यवसायातील सुरक्षिततेची एक मोठी संस्था आहे, तिथे अशी शिक्षणे होतात. पगार चांगला मिळतो, नाही असे नाही. पण तो पगार नुसत्या विद्येचा नसतो. घरापासून दूर राहण्याचा आणि धोका पत्करण्याचा मोबदलाही त्यात धरलेला असतो. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या एका मंचाला आग लागून २२ माणसे दगावली. मे २०२१ च्या चक्रीवादळात कामगारांची एक मोठी बार्ज बुडाली आणि अनेकांचे प्राण गेले.

विजेचे काम बिनधोक आहे असे मात्र कुणी समजू नये. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशात उंचाहारच्या औष्णिक केंद्रात बॉयलरचा स्फोट होऊन चाळीसच्या वर माणसे गेली. आणि खांबावर चढलेला लाइनमन तारेला चिकटल्याची बातमी तर आपण दर पावसाळ्यात वाचतो. दोन्हीकडे यंत्र माणसाच्या चुकीला क्षमा करीत नाही.

येथवर आबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "धोका शेतीत का नाही सर? रात्रीची मोटर चालू करायला जातो तेव्हा साप असतो. मला सांगा, नोकरी टिकंल का?"

खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर मला पुस्तकात नव्हे, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात सापडले होते. तो २०११ साली एका खाजगी महाविद्यालयात पेट्रोलियमला गेला. त्या वेळी कच्चे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होते. कंपन्या महाविद्यालयात येऊन मुले उचलून नेत होत्या. त्याच्या वडिलांनी कर्ज काढले. २०१४ च्या मध्यापासून भाव घसरू लागला आणि जानेवारी २०१६ मध्ये तो तीस डॉलरच्याही खाली गेला. भाव उतरला की कंपन्या सर्वांत आधी नव्या विहिरी खोदणे थांबवतात, आणि खोदणे थांबले की नव्या मुलांची भरती थांबते. हा मुलगा २०१५ साली पास झाला. गुण उत्तम, वागणूक उत्तम, पण त्याला विचारणारे कुणी नाही. दोन वर्षे तो घरी बसला. त्या दोन वर्षांत तो गावात दिवसा बाहेर पडत नसे, संध्याकाळी अंधार पडला की फिरायला निघायचा. हे मला त्याच्या आईने सांगितले. पुढे शहरात घरगुती गॅसचे नळ टाकणाऱ्या एका कंपनीत त्याला काम मिळाले आणि आज तो बरा स्थिरावला आहे. नळातला दाब, प्रवाह, मोजमाप ही त्याची विद्या तिथे उपयोगी पडली.

त्याची चूक काय होती? काहीच नाही. मागणी आणि भाव यांचे चक्र त्याच्या हातात नव्हते. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. कांद्याचा भाव पाहून सगळे कांदा लावतात, आणि काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो. चार वर्षांचा अभ्यासक्रम हे चार वर्षांनी काढणीला येणारे पीक आहे. आज दिसणारा भाव काढणीच्या वेळचा नसतो. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकेच्या वायदे बाजारात तेलाचा भाव एक दिवस शून्याखाली गेला होता. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, अशी गत.

विजेची मागणी अशी कोसळत नाही. मंदी असो वा महागाई, दवाखान्यातला दिवा आणि विहिरीवरची मोटर चालूच राहते. मात्र वीज कशापासून करायची, हे बदलते आहे. जुने कोळशाचे संच बंद होत आहेत, सौर वीज वाढते आहे. परळीचे औष्णिक केंद्र तर २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. तेव्हा केवळ बॉयलरवर आयुष्य काढण्याचा बेत करणाऱ्याने सौर संच, बॅटरी आणि उपकेंद्राची यंत्रणा यांचेही ज्ञान घ्यावे. आणि विजेत पदे भरपूर असली तरी कायम नोकरी सहज मिळते असे नाही. पुष्कळ जण कंत्राटावर वर्षानुवर्षे काढतात. हेही उघड सांगितले पाहिजे.

तेलाचे दिवस उद्याच संपणार आहेत, असेही मी म्हणणार नाही. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. ते शुद्ध करायला, साठवायला, वाहून न्यायला माणसे लागणारच. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले, आणि हे इथेनॉल आपल्या कारखान्यांच्या उसापासूनही होते. म्हणजे एकाच साखर कारखान्याच्या आवारात बगॅसवर वीज आणि मळीपासून इंधन, असे दोन्ही धंदे येऊन बसले आहेत.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. समुद्रातल्या तेलमंचालाही वीज लागते, आणि ती तिथेच जनित्रावर करावी लागते. रिफायनरीला बॉयलर लागतात, वाफ लागते, हजारो मोटारी लागतात. म्हणून विद्युत किंवा यंत्र शाखेच्या माणसाला तेलाच्या कामात शिरता येते. उलट, विहीर खोदण्याची विद्या शिकलेल्याला विजेच्या कामात शिरणे अवघड जाते. एक विद्या रुंद आहे, दुसरी खोल आहे. खोल विद्येला मान आहे, मोलही आहे. पण ज्याच्या पाठीशी दोन-चार वर्षे थांबण्याची ताकद आहे, त्याने ती आधी घ्यावी. ज्याला पास झाल्याबरोबर घराला हातभार लावायचा आहे, त्याने आधी रुंद पाया घालावा. तेलाची ओढ असेल तर पदवीनंतर त्यातले विशेष शिक्षण घेता येते. धनबादच्या जुन्या संस्थेत ते शिकवले जाते. विजेच्या बाजूला नागपूरला राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेत पदविकेनंतरचे आणि पदवीनंतरचे अभ्यासक्रम आहेत.

शिक्षक बंधु-भगिनींना माझी एक विनंती आहे. मुलाने विचारले की "याला स्कोप आहे" एवढे बोलून मोकळे होऊ नका. त्याच्याबरोबर बसून चार प्रश्न लिहून काढा. हे काम नकाशावर कुठे कुठे आहे? त्याची मागणी कशावर वरखाली होते? हे काम बंद पडले तर याच विद्येवर दुसरे कोणते करता येईल? आणि शिकण्यासाठी घरातले काय पणाला लागते आहे? महाविद्यालयाची जाहिरात पाहताना एका चांगल्या वर्षाचा आकडा पाहू नका. गेल्या सात-आठ वर्षांत दरसाल किती मुलांना काम मिळाले, ते मागा. मुलाच्या प्रकृतीचाही विचार करा. ज्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, त्याला तारांचे रंग कसे कळणार? उंचीला घाबरणाऱ्याला खांब काय आणि मंच काय, सारखेच. पदविका झालेल्या मुलाला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, हे कित्येक घरांत ठाऊकच नसते, तेही सांगा. आणि हे सारे मुलींनाही सांगा. वीज वितरणात आज महिला तंत्रज्ञ खांबावर चढून काम करतात.

आता त्या संध्याकाळचे राहिलेले सांगतो. आमचे बोलणे चालू असता तो मुलगा गप्पच होता. मी त्याला विचारले, "बाळ, तुला काय वाटतं?" तो नकाशावरच्या मुंबईच्या पश्चिमेच्या निळ्या रंगाकडे पाहत म्हणाला, "सर, मला समुद्रावर जायचंय. मी अजून समुद्र बघितला नाही." त्याचे वडील त्याच्याकडे बघतच राहिले. हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

मुलाची ओढ ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. मी त्याला म्हटले, "तेलमंचावर विद्युत अभियंताही जातो. तुला समुद्र हवा असेल तर त्याला जमिनीवरून वाट आहे." बापलेक बराच वेळ ओट्यावर बसून बोलत होते. मी मुद्दाम आत गेलो. शेवटी त्यांनी शासकीय महाविद्यालयातली विद्युत शाखा घेतली. विहिरीलगतची जमीन आज आहे तशीच आहे.

परवा त्या मुलाचा फोन आला होता. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मित्रांबरोबर तो अलिबागला जाऊन आला. म्हणाला, "सर, लय मोठा आहे हो." पुढे तो समुद्रावर जाईल की एखाद्या उपकेंद्रात बसेल, हे आज सांगता येत नाही. दोन्ही वाटा त्याला अजून मोकळ्या आहेत, एवढे मात्र खरे.

आपल्या घरातही या दिवसांत असे दोन कागद आले असतील. घाई करू नका. एक नकाशा घ्या, मुलाला शेजारी बसवा, आणि तो काय म्हणतो ते आधी ऐका.